पंचांगाला माइक कशाला हवा?

मंडळी, माझ्या लग्नाचा बोभाटा आज आमच्या गल्लीत, अख्ख्या दाना ओलीभर झाला, आणि तो आईच्या मोबाईलने केला!

स्थळ आलंय, पण ठरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही, हा आईचाच हुकूम. सकाळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. आईने त्यांना भजनाचा व्हिडिओ दाखवायला फोन उघडला, तर नवरीचे शालू, मेंदी, मंगल कार्यालयं, नुसत्या जाहिराती. “अरे वा, पक्कं झालं वाटतं!” काकू विरजण इथेच विसरून पळाल्या.

या जाहिराती आल्या कुठून म्हणून मी तिच्या फोनच्या सेटिंग्ज बघितल्या. आई मुहूर्त बघते त्या पंचांगाच्या ॲपला लोकेशन, कॉन्टॅक्ट, माइक, सगळ्याची परवानगी!

“आई, हो कशाला म्हटलंस?”

“नाही दाबलं की पंचांग खुलतच नव्हतं. मग काय करू?”

सरकारने कायदा केलाय, विचारल्याशिवाय माहिती घ्यायची नाही. ॲपने विचारलं ना! पण ‘नाही’ म्हटलं की दार बंद, याला विचारणं म्हणतात?

दुपारपासून गल्लीतल्या काकू मुलाचं नाव विचारतायत. “नाही सांगणार” म्हटलं की तोंड वाकडं करून का होईना, परत जातात. तुमच्या फोनमधलं एखादं ॲप तेवढं तरी ऐकतं का हो?