मेलेल्याजवळ बसायचा नियम

माझ्या नातवानं काल सकाळी चहा होईपर्यंत सत्तावीस माणसं मारली. मोबाइलवर. आकडा त्यानंच सांगितला, तोही असा की जणू मी त्याची दृष्टच काढायला हवी होती. सूनबाईनं कपाळाला हात लावला. तिनं कुठंतरी वाचलंय की असले खेळ खेळून पोरांची मनं मुर्दाड होतात आणि मग खरं रक्त पाहूनही त्यांना काही वाटत नाही. मुलगा म्हणतो, काही होत नाही, उगीच डोकं खाऊ नकोस. यावरून दोघांचं रोज वाजतं.

मला कोणी विचारत नाही. म्हातारीला मोबाइलमधलं काय कळतं, असा एकूण हिशेब. पण या विषयात माझा अनुभव त्या दोघांपेक्षा दांडगा आहे. दहाव्या वर्षी मी पुष्कळ माणसं मारली आहेत, आणि एकदा खरं रक्त पाहून हसलेही आहे.

आमचं गाव नांदुऱ्याहून वरवट बकालकडे जाताना आत वळून लागायचं. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. माझे धाकटे काका सिनेमाचे भलते शौकीन होते. कापूस विकायला नांदुऱ्याला गेले की गाडीबैल ओळखीच्या माणसाकडे सोडायचे आणि स्वतः रेल्वेनं मलकापूरला जाऊन दुपारचा खेळ पाहून यायचे. घरी सांगायचे, कापसाचा वजनकाटा उशिरा झाला. आजोबांना सगळं माहीत होतं, पण कापसाचा भाव बरा आला असला की ते काही बोलत नसत.

एकदा काकांनी आम्हां सहा पोरांना बरोबर नेलं. त्यात मी होते आणि शेजारच्या शेतकऱ्याची मुलगी होती, माझ्याच वर्गातली, माझी जिवाची मैत्रीण. सिनेमा मारधाडीचा. तलवारी, बंदुका, घोडे. परतीच्या गाडीत आम्ही पाच जण बाकावर उभं राहून एकमेकांना ठार करत होतो आणि डब्यातली माणसं आम्हाला शिव्या घालत होती. ही तेवढी खिडकीशी बसलेली. तिनं काकांना विचारलं, "काका, तो पयला मानूस मेला ना, त्याले मंग कोन घेऊन गेलं?"

"कोन पयला?"

"तो दरवाज्यातला. सारे त्याच्या अंगावरून पयत गेले. कोनी पाह्यलंबी नाही त्याच्याकडं."

"अवं, तो उठून घरी गेला असंन," काका म्हणाले, आणि पोरांना खाली बसवण्याच्या कामाला लागले.

त्यानंतर गावात आमचा धुमाकूळ सुरू झाला. कापूस निघून गेला होता, उरलेल्या झाडांच्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या होत्या. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वाळलेली पऱ्हाटी नीट निवडली तर तिची उत्तम बंदूक होते. रक्ताचीही सोय होती. कुंपणाच्या फड्या निवडुंगाला लाल बोंडं लागत. ती मातीत घासून कुसळं काढायची आणि कुस्करून अंगाला फासायची. असा झकास लाल रंग उतरायचा की माझ्या आईनं पहिल्यांदा माझा झगा पाहिला तेव्हा किंकाळी फोडली, आणि खरं कळल्यावर मला बदडलं.

मरायचं काम माझ्या मैत्रिणीकडे. ती अंगानं सगळ्यांत लहान होती, आणि मरायचीही फार छान. नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. आम्ही तिला रोज चार-पाच वेळा मारायचो आणि तिच्या अंगावरून उड्या मारत पुढच्या लढाईला जायचो. आठ दिवस तिनं हे सोसलं. नवव्या दिवशी ती मेलेली उठून बसली आणि म्हणाली, अशी मी मरणार नाही, नियम पाहिजे.

नियम तिनंच केले. ज्यानं मारलं त्यानं मेलेल्याजवळ बसायचं. त्याच्या डोक्याला हात लावून शंभर मोजायचे, मगच मेलेला उठणार. आणि मेलेल्याला पाहून जो हसेल त्यानं विहिरीवरून त्याच्यासाठी पाणी आणायचं.

आम्ही खूप कुरकुर केली. लढाई ऐन रंगात आलेली आणि आपण मात्र एक, दोन, तीन करत बसायचं! पण मरायला दुसरं कोणी तयार नव्हतं, त्यामुळे ऐकावं लागलं. पाणी आणण्याची पाळी बहुतेक माझ्यावर यायची. मला हसू आवरत नसे. पुढं पुढं मेल्यावर ती मुद्दाम एक डोळा किलकिला करून मी हसते का ते पाहायची.

आमच्या गुरुजींना हा खेळ अजिबात खपत नव्हता. शाळेत ते म्हणायचे, "आज खोटं रक्त पाहून हसता, उद्या खरं पाहूनही हसाल. मन एकदा निबर झालं की झालं." काकांना तर त्यांनी चावडीपुढं सुनावलं की तुम्ही पोरांना बिघडवलंत. गुरुजी चांगले होते, त्यांचा राग येत नसे. पण आम्ही खेळ थांबवला नाही, फक्त शाळेपासून लांब, शेताकडे नेला.

त्याच सुमारास धुऱ्याचं भांडण पेटलं. आमच्या आणि मैत्रिणीच्या शेतामधला धुरा दरवर्षी थोडा थोडा बारीक होत चालला होता. कोण कोरतं यावर दोन्ही घरांचं एकमत होतं, की समोरचा. आधी बोलणं बंद झालं, मग येणंजाणं. आम्हा दोघींना एकमेकींशी खेळू नका असं सांगून झालं होतं, आणि आम्ही ते न ऐकून झालं होतं.

तो रविवार होता. उन्हं कलायला लागली होती. आम्ही पऱ्हाटीच्या ढिगाआड लढत होतो आणि पलीकडे मोठ्यांचा आवाज चढला. तो रोजच चढायचा, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग एक आवाज आला. लाकूड फुटल्यासारखा, पण ओला. आम्ही ढिगाला वळसा घालून पुढं गेलो.

काका धुऱ्यावर उताणे पडले होते. डोक्यातून, कानावरून, मानेवरून लाल लाल वाहत होतं. जवळच मैत्रिणीचा बाप उभा, हातात बैलगाडीची उभारी, म्हणजे गाडीच्या कडेला उभा खोचतात तो दांडका.

आणि मी हसले.

काही सबब सांगत नाही. मला वाटलं, काका आमच्यात खेळायला आले. बोंडांचा रस फासलाय त्यांनी डोक्याला. इतका जास्त कुणी लावतं का, असं मनात आलं आणि हसू फुटलं. किती वेळ हसले? दोन श्वास, फार तर तीन. मग मी नीट पाहिलं. काकांच्या नाकावर माशी बसली होती आणि ते हलत नव्हते.

गुरुजींचं म्हणणं माझ्यापुरतं खरं ठरलं होतं. हे मी सूनबाईला सांगितलेलं नाही.

आजूबाजूच्या शेतांतून चार-सहा माणसं धावत आली आणि थबकली. खुनाच्या भानगडीत कोण हात घालणार? एक जण तर आल्या पावली परत गेला. तिच्या बापानं उभारी टाकली. तो नदीच्या अंगाला पाहत होता. तो पळणार हे मला, दहा वर्षांच्या पोरीलाही, दिसत होतं. या माणसानं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. कीर्तनाला मात्र चुकत नसे.

तेवढ्यात ती पुढं झाली. तिनं बापाचं धोतर धरलं.

"बाबा, बस इथं."

"सोड मले."

"तू मारलं ना? मंग तूच बस."

तिनं त्याच्या डोक्याचा पटका ओढून काढला, घडी करून काकांच्या जखमेवर ठेवला आणि बापाचा हात धरून त्यावर दाबला. पाच फूट नऊ इंचांचा माणूस, आणि ती त्याच्या कमरेइतकी. तो मटकन खाली बसला. पटका लगेच लाल झाला. त्यानं हात उचलला तशी ती ओरडली, "हात नको काढू! शंभर मोज!"

"मले येत नाही शंभर."

"मंग विसानं मोज. पाच विसा मोज."

मग तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "तू पानी आन. पय."

मी धावले. विहिरीपर्यंत आणि परत, झग्यावर पाणी हिंदकळवत. परत आले तेव्हा तो मोजत होता. ओठ पांढरेफटक, डोळ्यांतून धार, आणि एक, दोन, तीन. वीस झाले की ती एक खडा बाजूला ठेवायची. उभ्या माणसांना तेव्हा जाग आली. कुणी गाडी जुंपली, कुणी तुराट्यांवर गोधडी टाकली, कुणी आमच्या घरी धावलं.

पाचवा खडा ठेवून झाला. काका उठले नाहीत.

मी तिच्याकडं पाहत होते. तिचा हात हवेतच राहिला. खेळाच्या पुढं काय असतं ते तिलाही ठाऊक नव्हतं, तीही दहाच वर्षांची होती. पण तिनं पाचही खडे उचलले, परत मुठीत घेतले आणि म्हणाली, "पुना मोज, बाबा."

तो गाडीतही मोजत बसला. काकांचं डोकं मांडीवर, हात पटक्यावर. नांदुरा दोन तासांवर. बरोबर माझे वडील होते. ज्यानं आपल्या भावाला मारलं त्याला गाडीतून ढकलून द्यावं असं त्यांना पहिला मैलभर वाटत होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. पण तो हात काढला तर रक्त येतं हेही त्यांना दिसत होतं. निम्म्या वाटेवर काकांनी डोळे किलकिले केले. वर मोजणाऱ्याचं तोंड पाहिलं. आणि आमचे काका ते काकाच, त्यांनी विचारलं, "किती विसा झाल्या बे?"

तो माणूस एवढा रडला की बैल बुजले, असं वडील सांगायचे. बैलांचं मला खरं वाटत नाही.

दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दाबून धरलं म्हणून वाचला. हवालदार जबानी घ्यायला आला तेव्हा काका म्हणाले, "मारलं यानंच, हे लिहा. अन् मारून जवळून उठला नाही, हेबी लिहा." हवालदारानं पहिलं लिहिलं. दुसऱ्यासाठी त्याच्याकडे रकाना नव्हता. पुढं ते प्रकरण मिटलं, धुऱ्यावर मोजणी होऊन दगड बसले, आणि दोन्ही घरं सणावारी एकमेकांकडे जेवू लागली. काकांचा उजवा कान मात्र कायमचा अधू झाला. सिनेमाला गेले की ते उजव्या बाजूच्या खुर्चीत बसायचे.

गुरुजी एकदा मुद्दाम आमचा खेळ पाहायला शेतात आले. बराच वेळ उभे होते. मग त्यांनी तिला विचारलं, हा बसायचा नियम तुला कुणी शिकवला? मला वाटलं ती काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "कोनी नाही, गुरुजी. एकट्याले मरून पडलं का करमत नाही." गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खेळ बंद करा असं त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. खेळा असंही म्हटलं नाही.

या सगळ्यात माझंही कौतुक झालं. पोरीनं किती धावत पाणी आणलं, डोकं किती शाबूत तिचं! आजीनं मला साखर दिली. ती साखर मी खाल्ली, आणि ते हसू पोटात ठेवून दिलं. चाळीस वर्षं ठेवलं.

मग तिच्या मुलीच्या लग्नाला मलकापूरला गेले होते. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी मांडवात लाडू बांधायच्या पराती पुसत बसलो होतो, तेव्हा मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, "त्या दिवशी काकाले पाहून मी हासली होती. आजलोक कोनाले सांगतलं नाही."

तिनं परात पुसणं थांबवलं नाही.

"मले ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "म्हनून तर तुलेच पान्याले धाडलं. नाहीतर तू तिथंच उभी राह्यली असती जन्मभर."