वारा पडलेला राहील

वारेमामांना वाऱ्याचा वीट आला होता. पण करता काय? पोटच त्याच्यावर. सकाळी उठायचं, तोंडात ब्रश धरूनच उपग्रहाची चित्रं न्याहाळायची आणि पतंगवाल्यांसाठी वाऱ्याचा अंदाज लिहायचा. पतंगवाले म्हणजे पायाला फळी बांधून, कमरेला भलामोठा पतंग अडकवून लाटांवरून सुसाट सुटणारी मंडळी. अंदाज बरोबर आला तर कौतुक समुद्राचं, चुकला तर उद्धार मामांच्या खानदानाचा.

मागे एकदा मामांनी "सोसाट्याचा वारा, जाऊ नका" असं लिहिलं आणि दिवसभर पानही हललं नाही. तेव्हापासून मंडळींनी ठरवून टाकलं, की मामा घाबरट. मामा 'जाऊ नका' म्हणाले, की समजायचं आज मजा आहे! या शोधाचे जनक होते खुद्द मामांचे जावई. किनाऱ्यावर लाल बावटा दिसला, की यांना आणखी चेव यायचा.

आज सकाळी चित्रं पाहता पाहता मामांच्या हातातला ब्रश थांबला. दुपारी जमिनीकडून समुद्राकडे जोराचा वारा सुटणार होता. असा वारा माणसाला घेऊन जातो, आणून सोडत नाही.

तेवढ्यात मुलीचा फोन. "बाबा, हे नवा पतंग घेऊन निघायच्या तयारीत आहेत. तुम्ही सांगा ना, माझं ऐकत नाहीत."

"माझं तरी कुठं ऐकतात? दे त्यांना."

"काय बाबा," जावई हसत म्हणाले, "आज कशाची भीती घालताय?"

मामांच्या ओठावर 'जाऊ नका' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "कसली भीती! आज काही दम नाही. पतंग जमिनीवरून उठायचा नाही."

मग मामांनी अंदाज लिहिला: 'दिवसभर वारा पडलेला राहील.' इतकी वर्षं चुका पुष्कळ झाल्या होत्या, पण ठरवून केलेली ही पहिलीच. जीवरक्षकाला मात्र फोन करून खरं काय ते सांगितलं. मामी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या, त्यांनाही सांगितलं आणि पुन्हा आडवे झाले.

दुपारी दारं धडाधड आपटू लागली. फोनवर शिव्यांचा पाऊस. कुणी लिहिलं, "मामांना पेन्शनीत काढा." मामांनी फोन उशीखाली सारला. पेन्शन मिळाली तर कोणाला नको होती?

संध्याकाळी जावई तणतणत आले. "शोभतं का हे, बाबा? एवढा वारा आणि आम्ही घरात! धावत जाईपर्यंत जीवरक्षकाने किनारा बंद केलेला! माझे मित्र मला काय म्हणतायत माहितेय?"

"चुकलं खरं," मामा म्हणाले. "वय झालं आता."

जावई धपकन बसायला गेले, पण खुर्चीवर ओल्या चादरी. पलंगावर ओले टॉवेल. "आई, दिवसभर एवढं ऊन होतं आणि कपडे घरात?"

"अहो, ह्यांनी सकाळीच सांगितलं," आतून मामी म्हणाल्या, "काढून घे म्हणाले, दुपारी उडून समुद्रात जातील."

जावई चादर हातात धरून उभेच राहिले. एकदा चादरीकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. मग मुकाट्याने तिची घडी घालू लागले.

"ओली आहे ती," मामा डोळे मिटून म्हणाले. "पसरून ठेवा. आणि उद्या विचारलंत तर खरं सांगेन. ऐकणार असाल तर."