गेटवरचा ट्रे

कारखान्यात मेंटेनन्सच्या माणसाची आठवण कधी होते? मशीन बंद पडलं की. चालू असलं तर आम्ही फुकटचा पगार खातो आणि बंद पडलं तर आमच्यामुळेच पडलं. एकोणीस वर्षं हेच ऐकतोय, त्यामुळे माझं तोंड फटकळ झालंय. माझी बायको शिल्पा म्हणते, तुम्ही ताटातल्या पोळीशीपण भांडता. असेल. पण जिथं ते तोंड उघडायला पाहिजे होतं तिथं ते उघडलं नाही, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

मी प्रशील. राहतो जळगावच्या पिंप्राळ्यात, नोकरी यावल रस्त्यावरच्या केळी वेफर्सच्या कारखान्यात. कच्ची केळी सोलून आली की स्लायसर त्यांच्या चकत्या करून थेट कढईत सोडतो. तळलेले वेफर्स पट्ट्यावरून निवडणीच्या टेबलावर येतात. तिथं बाया जळके-तुटके बाजूला काढतात, मग मसाला, मग पॅकिंग. यातलं जे जे फिरतं ते फिरत ठेवायचं, हे माझं काम.

गेटवर लताबाई बसते. तिच्यापुढे स्टीलचा ट्रे असतो. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईनं बांगड्या, कानातलं, पिना त्यात काढून ठेवायच्या, मग डोक्याला टोपी घालून आत. खाण्याच्या वस्तूत काही पडू नये म्हणून. नियम चांगलाच आहे. आम्ही मेंटेनन्सवाले आलो की लताबाई ट्रे बाजूला सरकवते आणि म्हणते, "या साहेब."

निवडणीच्या टेबलावर हसीनाबी होती. यावलची. पन्नाशीकडे झुकलेली, बारीक अंगाची, नजर मात्र अशी की पट्ट्यावर जळकी चकती दिसायच्या आधीच तिचा हात तिथं पोचलेला. टोपीखाली ओढणी बांधायची परवानगी तिनं शेठकडून मागून घेतली होती. पिन लावायची नाही, मानेमागे गाठ मारायची, या अटीवर. सात वर्षं तिनं ती गाठच मारली. मला हे माहीत होतं, बठ्ठ्यांना, सगळ्यांनाच माहीत होतं.

एका मंगळवारी सकाळी स्लायसर खडखडायला लागला. उघडून पाहिलं तर शाफ्टची कॉटर पिन तुटलेली. कॉटर पिन म्हणजे दुहेरी वाकवलेली तार. भोकातून घालायची आणि टोकं फाकवायची, की नट सुटत नाही. हुबेहूब बायकांच्या केसांतल्या आकड्यासारखी दिसते. तुटली की तिचे दोन पाय वेगळे होतात. मी नवी पिन टाकली. जुनीचा एकही तुकडा सापडला नाही. नियम असा की सगळे तुकडे हातात येईपर्यंत लाइन सुरू करायची नाही आणि त्या वेळात भरलेला माल बाजूला ठेवायचा. पण धुळ्याची गाडी दारात उभी, शेठ दर पाच मिनिटांनी फोन करणार. मी वहीत लिहिलं, ‘सर्व भाग तपासले’. खाली सही ठोकली आणि बटण दाबलं.

अर्ध्या तासानं हसीनाबी माझ्या खोलीच्या दाराशी आली. तळहातावर पिनेचा एक पाय, तेलात तळून काळपट झालेला.

"साहेब, जळक्यात सापडला. तुमचा आहे का? याचा जोडीदार असंल कुठंतरी."

मी म्हणालो, "बरं बरं, पाहतो." तुकडा तिच्या हातातून घेतला आणि खिशात टाकला. ती जरा थांबली. मी दुसऱ्या कामाला लागलो. झालं. माझं पाप एवढंच, आणि ते करायला मला चहा ओतण्याइतकाही वेळ लागला नाही.

पॅकिंगनंतर आमच्याकडे धातू पकडणारं मशीन आहे, पण बारीक तार सरळ रेषेत गेली तर ते कधी कधी फसतं. हे मला माहीत होतं, माझ्याइतकं चांगलं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी मनाला सांगितलं, मशीन आहे ना, पकडेल.

नऊ दिवसांनी धुळ्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. गिऱ्हाइकाच्या पाकिटात पिन निघाली होती. नशीब, तोंडात जायच्या आधी दिसली. व्यापाऱ्यानं फोटो पाठवला, टोकाला वाकलेली काळपट तार. शेठनं तो आम्हा सगळ्यांपुढे धरला आणि म्हणाले, "ही बाईच्या डोक्याची पिन आहे. कोणाची?"

मी फोटो पाहिला. बघताक्षणी ओळखला. सांगायला एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य जिभेपर्यंत आलं आणि माझ्या डोक्यात वहीतली सही उभी राहिली. मी गप्प बसलो.

पाकिटावरच्या नंबरावरून पाळी कळली, पाळीवरून टेबल. टेबलावर चौघी, त्यातली ओढणीवाली एक. शेठला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी गेटवर, पन्नास-साठ बायांसमोर, लताबाईला हसीनाबीची ओढणी सोडायला लावली. केस मोकळे करून एक-एक बट तपासली. पिन कुठून निघणार? पण नाही निघाली याचा अर्थ शेठनं असा काढला की आज लावली नाही. हसीनाबी म्हणाली, "साहेब, मी गाठ मारते. सात वर्षं गाठच मारते." आणि एवढं बोलून तिनं शेठकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी गेटच्या कुलपाकडे पाहत राहिलो. लाज वाटत होती म्हणू? लाज वाटणारा माणूस बोलतो. मला भीती वाटत होती. लाज नंतर आली, आणि आली ती मुक्कामालाच आली.

तिला त्याच दिवशी काढलं. वर शेठ मला म्हणाले, "प्रशीलभाऊ, तुम्ही शिकलेले. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं ते लिहून द्या." आणि मी लिहून दिलं! शुद्ध मराठीत, मुद्देसूद. ‘महिला कामगारांचे केस रोज सकाळी मोकळे करून तपासावेत.’ खाली नाव, हुद्दा, सही. लताबाईनं तो कागद गेटवर चिकटवला. रोज सकाळी त्या कागदाखालून, माझ्याच नावाखालून, मी आत जात होतो. बाया केस सोडून ओळीत उभ्या असायच्या आणि लताबाई मला म्हणायची, "या साहेब."

बारा दिवस मी तसाच गेलो. तेराव्या दिवशी भिकुबाईचे केस तपासणं चालू होतं. भिकुबाई साठीची, केळी सोलते, डोक्यावर मूठभर पांढरे केस. मला पाहून तिनं मान वाकवली आणि म्हणाली, "साहेब, तुम्हीच पाहून घ्या ना. नियम तुमचा आहे, आणि पिन टिकायला माझ्या डोक्यावर केस तरी आहेत का?" बाया हसल्या. मीपण हसल्यासारखं केलं. खोलीत जाऊन दार लावलं आणि खुर्चीवर बसलो. मेल्या, म्हातारीचे केस सोडायला लावलेस तू, असं मी मोठ्यानं म्हणालो.

त्याच दुपारी अर्धी सुट्टी टाकून मी यावलला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. हसीनाबी अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होती. रोजानं खुडायला आणलेल्या मिरच्या, बोटं लाल झालेली. मला पाहून उठली, ओढणी सारखी केली, पाट दिला. पाणी दिलं. काय झालं, का आलात, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "हसीनाबी, ती पिन माझी होती."

"मला माहीत आहे की," ती म्हणाली. "मीच तर तुकडा आणून दिला होता."

"मग त्या दिवशी गेटवर तू का नाही बोललीस?"

"मी बोलले असते तर कोण ऐकणार होतं साहेब? तुकडा तुमच्या खिशात. आणि तुम्ही तिथंच उभे होते. मला वाटलं, आता सांगतील. केस तपासून होईपर्यंत वाटत होतं, आता सांगतील."

मी मान खाली घातली. मिरचीचा खकाणा उडाला होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं मी सांगू शकतो. पण आता खोटं पुरे झालं. मी रडलो. परक्या बाईच्या अंगणात, बेचाळीस वर्षांचा घोडा.

"परत ये कामावर. शेठशी मी बोलतो," मी म्हणालो.

तिनं देठ खुडणं सुरू केलं. "उद्या येईन. पण शेठच्या खोलीत नका बोलू. माझे केस गेटवर सोडले होते. तुम्ही गेटवर सांगा."

मी घरी जाऊन शिल्पाला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ द्या. पण तो गेटवरचा कागद आधी फाडा." सकाळी शेठना फोन केला. ते म्हणाले, "तिला घेऊ परत, हरकत नाही. पण तमाशा करू नका. तुमचं नाव जाईल, कारखान्याचं जाईल." मी म्हणालो, "शेठ, तिचं नाव तर आपण गेटवरच घालवलं." आणि फोन ठेवला.

गेटवर ओळ लागलेली होती. हसीनाबी ओळीच्या बाहेर, भिंतीला टेकून उभी. मी गेटवरचा कागद काढला, चार तुकडे केले, आणि बोललो. अडखळत बोललो. पिन बाईची नव्हती, स्लायसरची होती, बदलली मी, शोधली नाही मी, खोटी सही माझी. हसीनाबीनं तुकडा आणून दिला आणि मी तो खिशात टाकला. तिचे केस तुम्हा सगळ्यांसमोर सोडले तेव्हा मी इथंच होतो आणि गप्प होतो. इतके दिवस लपवलेला तो काळपट तुकडा शर्टाच्या खिशातून काढून मी लताबाईच्या ट्रेमध्ये टाकला. एवढुसा आवाज झाला.

शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. मग ओळीतून पाचोऱ्याकडची कोकिळा पुढे आली. केस मोकळे, हातात रबर.

"मंग साहेब," ती म्हणाली, "आमनं डोकं रोज दखतस. तुमना खिसा कोन दखी?"

आमची डोकी रोज तपासता, तुमचे खिसे कोण पाहणार? एकोणीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी स्वतःला तर नाहीच. मी लताबाईकडे पाहिलं. आज ती "या साहेब" म्हणाली नाही. तिनं ट्रे माझ्यासमोर सरकवला.

मी पॅंटचे दोन्ही खिसे उलटे केले. मला खरंच वाटत होतं की आत रुमाल आणि गाडीची किल्ली असेल. एक नट पडला. दोन वॉशर. तारेचं वेटोळं. अर्धा झिजलेला स्क्रू. कालच्या कामाचे, परवाच्या कामाचे, देव जाणे कधीचे. पिनेच्या तुकड्याशेजारी ते सगळं ट्रेमध्ये पडलं. बाया पुढे वाकून बघत होत्या. चांगली पाच मिनिटं कबुली देऊन झाली होती माझी, आणि तेव्हाही खिसे भरलेलेच होते.

हसीनाबी भिंतीपासून पुढे आली. ट्रेमधून नट उचलला, बोटांत फिरवून पाहिला, परत ठेवला.

"उद्यापासून साहेब पण ओळीत," ती लताबाईला म्हणाली. मग मानेमागे हात नेऊन ओढणीची गाठ घट्ट केली, टोपी घातली आणि आत गेली. ती गेल्यावर मी ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.