दहा मिनिटांचं चिनी जेवण

माझ्या हातचं चिनी जेवण खाऊन आजवर कोणी मेलेलं नाही. एकाचं तोंड तेवढं बंद झालं, पण तेही संध्याकाळपर्यंत सुटलं.

गोष्ट माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची. माझं सासर कापडे गावचं, माहेर नाते गावचं. मालक मुंबईला गिरणीत. घरात मी, माझी सासू (तिला आम्ही आत्याबाय म्हणायचो) आणि मोत्या नावाचा कुत्रा. धाकटा दीर गणू मुंबईला एका चिनी हॉटेलात होता. तिथे तो आचारी आहे, असं तो सांगायचा. आम्ही कशाला खोटं मानू? आमच्या गावातल्या कोणी चिनी हॉटेल पाहिलंय!

गणूच्या मनात एक मुलगी भरली होती. माझ्याच मामाची शेवंता, डोंगरावरच्या कुडपणची. जत्रेत तिला बघून आला आणि तेव्हापासून जेवणात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही. मामा मात्र खमक्या माणूस. त्याचं म्हणणं, "मुंबईला जातात ते सगळे सायबच असतात. विचारलं तर कोण हमाल नाय आणि कोण झाडूवाला नाय!"

मला राहवलं नाही. पोलादपूरच्या बाजारात मामी भेटली, तर मी तिला तिथेच सुनावलं, "मामी, आमचे भावजी असं चिनी जेवण करतात की दहा मिन्टात ताट समोर!"

"दहा मिन्टात?" मामी म्हणाली. "माझी चूल दहा मिन्टात पेटत नाय गो!"

आठवड्याने मामाचा निरोप आला. घर बघायला येतो. जेवायला चिनीच करा. पोराने माझ्यासमोर केलं पाहिजे. जमलं तर सुपारी फोडू, नायतर मुलीला शिवथरचं स्थळ आलंय.

गणू रजा घेऊन आला. येताना एक पुडकं आणि एक काळ्या पाण्याची बाटली आणली. पुडक्यात पिवळ्या, कडक शेवया होत्या. पाखराच्या घरट्यासारख्या गुंडाळलेल्या.

"वैनी, ह्या नुडल. हाटेलात ह्यांच्यात बड्याचं मटण घालतात," तो हळूच म्हणाला.

"हे आत्याबायंच्या कानावर गेलं तर शेवयांत तुमालाच घालतील!" मी म्हटलं. "कोंबडा घालू."

"घाला. ह्या संभाळून ठेवा, उद्या लागतील," एवढं बोलून तो पावण्यांसाठी पानसुपारी आणायला पोलादपूरला गेला. रात्री मुक्कामाला तिकडेच मित्राकडे राहिला.

आता मी चौथी शिकलेली, पण चुलीपुढे मला कोणी काही शिकवायचं नाही, असा माझा तेव्हा ताठा होता. मी विचार केला, उद्या दहा मिनिटांत व्हायचं आहे, तर आज तयारी नको? आणि सुकं, कडक धान्य घरात आलं की त्याचं काय करायचं हे आमच्या भागात पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक. वालाचं बिरडं करताना आपण काय करतो? भिजत घालतो, मग उपसून फडक्यात घट्ट बांधतो, चुलीच्या उबेला ठेवतो. मोड येतात, मऊ शिजतात, झटपट होतात. मी नुडलांना तेच केलं. दुपारी भिजत घातल्या, संध्याकाळी फडक्यात बांधल्या, वर वरवंटा ठेवला आणि समाधानाने झोपले. (मोड येतील अशी माझी खात्री होती. किती येतील एवढाच प्रश्न होता.)

सकाळी आधी कोंबडा कापला. हा कोंबडा माझ्या लग्नाआधीपासून घरात होता आणि वागायलाही मला सिनियर होता. धरायला गेले तर त्याने मला परसात इतकं पळवलं की शेजारीण दारात येऊन हसत उभी राहिली. शिजायला टाकला तर टोपात दगड वाजावेत तसा वाजत राहिला.

मग फडकं सोडलं. खरं तर सोडायचा प्रयत्न केला. आत एक पिवळा गोळा होता, आणि फडकं कुठे संपतं आणि चिनी जेवण कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं! ओढलं तर दोन्ही एकत्र यायचं. मी उलथण्याने खरवडायला बसले तेवढ्यात गणू आला.

"वैनी, हे काय?"

"नुडल. मोड नाय आले."

तो मटकन चुलीपुढे बसला. "वैनी, ह्या उकळत्या पाण्यात दोन मिन्टं टाकायच्या होत्या!"

"मग सांगायचं नाय? तुमी आचारी ना?"

गणू खाली बघून म्हणाला, "वैनी, मी आचारी नाय. मी बश्या धुतो."

माझ्या हातातलं उलथणं गोळ्यात उभंच राहिलं. (पडलं नाही. त्या गोळ्यातून काहीच पडत नव्हतं.)

"मग हे जेवण तुमाला येतं तरी का?"

"मोरीतून दिसतं तेवढं येतं. आचारी पाठमोरा असतो."

पावणे डोंगर उतरून एव्हाना निम्म्यात आले असणार. रडायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "ती काळी बाटली कुठाय? चव तिच्यात असंल ती असंल!"

बाटली कोनाड्यात नव्हती. फळीवर नव्हती. तेवढ्यात ओटीवरून आत्याबाय ओरडल्या, "गणू रे, यावेळचं तेल लई गुणाचं हाय! काल चोळलं, आज चोळलं, गुडघा कसा हलका झालाय बघ!"

आम्ही धावलो. गणू दर खेपेला आईला गुडघ्यांचं तेल आणायचा, म्हणून ही बाटली त्यांनी आपलीच समजून उचलली होती. बाटली रिकामी. दोन्ही गुडघे काळेभोर, आणि मोत्या शेपटी हलवत ते डोळे मिटून चाटत होता.

"आये, ते खायचं होतं!" गणू म्हणाला.

"खायचं?" आत्याबाय म्हणाल्या. "मग हा कुत्रा बरा शहाणा!"

"बाटलीतलं ते होतं कसं, एवढंच सांगा," मी गणूला विचारलं.

"काळं आणि खारट."

काळं करणं तर माझ्या हातात होतं. मी कांदा-खोबरं भाजायला टाकलं आणि मुद्दाम करपवलं. (आयुष्यात एकदाच मुद्दाम!) पाट्यावर वाटलं, मीठ घातलं, वर कोकमाचं आगळ ओतलं. कोंबड्यात हे सगळं गेलं आणि मग तो गोळा, फडक्याचे दोरे वेचून वेचून, टोपात सोडला. वाटलं, रस्स्यात मोकळा होईल. तो मोकळा झाला नाही, त्याने रस्साच धरून ठेवला! पळी फिरवायला गेले तर टोपच चुलीवर फिरायला लागला.

आणि दारात मामाचा आवाज. "हायत का घरात कोण?"

मामा म्हणजे धिप्पाड माणूस. मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबू टिकावं. मागे मामी, बारीक, चिमणीसारखी, पण नजर घारीची.

"काय भाचीबाय," मामा पाटावर बसत म्हणाला, "झालं का ते चिनी? का पोरगा आता करणार हाय?"

"झालं, मामा!" मी म्हटलं. "भावजींनी दहा मिन्टात केलं. तुमालाच यायला उशीर झाला!"

"आणि तो कुठाय?"

मी मागे बघितलं. गणू नव्हता. मला एकटीला वाघाच्या तोंडी देऊन मागीलदारी पसार!

पत्रावळी मांडल्या. आता ते पळीने वाढता येईना. हाताने तोडून वाढलं. मामाने चव बघायला जेवणाला बोट लावलं, तर पत्रावळ आपोआप बोटामागे आली. त्याने हात वर केला, पत्रावळ वर. उलटी केली, काही सांडलं नाही.

"चिनी लोकं सांडत नायत," मी म्हटलं. (दुसरं काय बोलणार?)

"अन्न हाय ना गो हे?" मामीने विचारलं.

मामा हट्टी. एवढा डोंगर उतरून आला होता, आणि आमच्याकडे पानात टाकायची रीत नाही. त्याने मोठा घास तोडला आणि तोंडात घातला. चावला. परत चावला. मग त्याचा जबडा थांबला. घासाचा एक धागा मिशीला धरला, मिशी खालच्या ओठावर आली आणि वरचा ओठ, खालचा ओठ आणि मिशी यांचं एकच झालं!

"हूं," मामा म्हणाला.

"काय झालं वो?" मामी म्हणाली.

"हूंऽऽ!" मामाने डोळे वटारले, तोंडाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे दाखवलं. मला वाटलं, संपलं. लग्न तर मोडलंच, माझं माहेरही तुटलं.

"पाणी द्या त्यांना!" आत्याबाय ओरडल्या आणि उठल्या. त्यांच्या मागे मोत्या, गुडघ्यांना तोंड लावूनच चालत आला. मामीने कुत्र्याकडे बघितलं, गुडघ्यांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि हात धुवायच्या निमित्ताने मागीलदारी गेली.

मी तिच्या मागे धावले. निदान हातापाया पडावं म्हणून.

बघते तर काय, गणू भांडी घासत बसला होता! घाबरला की माणूस जे येतं ते करतो, आणि त्याला हेच येत होतं. आदल्या रात्रीची, सकाळची, सगळी भांडी काढलेली. एका हाताने काथ्या-राख, दुसऱ्या हाताने धुऊन पालथं, धुऊन पालथं, आवाजसुद्धा नाही. मी टोप रिकामा करून बाहेर टाकला होता. त्याला बुडाशी चिनी जेवणाचं बोटभर लुकण, खळीसारखं चिकटलेलं. तो टोप मी असते तर विहिरीत टाकला असता. गणूने त्याच्यावर गरम पाणी मारलं, राख मारली, मनगट असं फिरवलं आणि टोपात मामीला स्वतःचं तोंड दिसलं.

मामी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"पावणं," ती म्हणाली, "हे कधीतरी करताव का रोज?"

गणूने वर बघितलं. तोंड पांढरं पडलं. पण लपवणार तरी काय, हातात काथ्या होता! "रोजच, मामी. मी आचारी नाय. हाटेलात बश्या धुतो. खोटं बोललो."

मी डोळे मिटून घेतले.

"अरे माझ्या लेकरा!" मामी म्हणाली. "आचारी माझी पोर हाय की! भांडी घासणारा नवरा मला कुठं मिळाला?" आणि ती तडक ओटीवर गेली. "शेवंताचे बाबा, पोरगा मला पसंत हाय. सुपारी फोडायची ना?"

मामाने मान हलवायचा प्रयत्न केला. मामीने ती धरली.

"हूं!" मामा म्हणाला. "हूं हूं हूं!"

"ऐकलंत?" मामी आत्याबायंना म्हणाली. "तीनदा हो म्हणाले."

सुपारी फुटली. मामाची मिशी गरम पाण्याने आणि खोबरेल तेलाने मी संध्याकाळपर्यंत सोडवली. तोंड मोकळं झाल्यावर तो जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. पण सुपारी फुटली म्हणजे फुटली, आणि मामीसमोर ती जोडायची त्याची छाती नव्हती.

शेवंता माझी जाऊ झाली. तिने जन्मात एक टोप घासला नाही. मी माझ्या मालकांना गणूचं उदाहरण किती वेळा दिलं! ते म्हणायचे, "तू तसं जेवण कर, मी तशी भांडी घासतो."

लग्न कुडपणला झालं. लग्नाआधी मामाचा निरोप आला. नवऱ्याकडची असली तरी भाचीला दोन दिवस आधी पाठवा. मला वाटलं, मामाचा राग गेला. मी नवीन लुगडं नेसून, ताठ मानेने निघाले. निरोप्याने पुढचं वाटेत सांगितलं. भाचीने चुलीकडे फिरकायचं नाही. मांडवाला कागदाच्या पताका चिकटवायच्या आहेत, तर तिने ते चिनी जेवण घेऊन यावं.

नुडल कुठून आणणार, गव्हाच्या पिठाची खळ करून नेली. वरात निघेपर्यंत एक पताका पडली नाही.