हंबीर पैलवानाचा उपास

कॉफी पाजायची अक्कल सयाजीची. कारखान्याच्या डॉक्टरकडं हंबीरमामानं उपाशीपोटी यावं, असा निरोप होता, आणि घरात मॅट्रिक झालेला तेवढा भाचाच. त्यानं निकाल देऊन टाकला, "उपाशीपोटी म्हंजे उपास. उपासाला कॉफी चालती." त्याच्या आईनं, अंजनानं, लगेच आधण ठेवलं. थोरला भाऊ आष्ट्याहून सांगलीला आलेला. एवढ्या देहाला कपानं काय होणार? तिनं तांब्याभर केली.

हंबीरराव उभ्या जन्मात चहा-कॉफीला शिवला नव्हता. चहानं रग जाते, हा वस्तादाचा शब्द, आणि त्या शब्दावर नि म्हशीच्या दुधावर त्यानं सगळ्या कुस्त्या मारल्या. पुढं गुडघा गेला, कुस्त्या गेल्या. दूध तेवढं चालू राहिलं, तेव्हा बायकोनं तोंड उघडलं. चौऱ्याहत्तर साली कुपवाडच्या एका कारखान्यात रखवालदाराची जागा निघाली. ती मिळाली नाही, तर गावात तोंड कुठं दाखवायचं? मॅनेजर खूष होता. अडली होती ती डॉक्टरची सही.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, पारा बघितला, पुन्हा बघितला. "प्रेशर फारच आहे. सकाळपासून काही घेतलंत?"

"न्हाई साहेब. कडक उपास हाय."

खोटं बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं, आणि आताही तो खोटं बोलला नव्हता.

"परवा या. तेव्हाही असंच निघालं, तर दुसरा माणूस बघावा लागेल."

पैलवान घरी येऊन भिंतीला टेकला. छाती धडधडत होती. "सयाजी, येवढ्या फडांत कुणी पाठ लावली न्हाई रं. आन् बोटभर पट्ट्यानं चीत केलं गड्या."

"आवं दादा, धसका घेतलाय तुमी," अंजना म्हणाली, आणि धसक्यावर तिनं घरचा इलाज सुरू केला: जायफळ घालून कॉफी, सकाळ-संध्याकाळ. जायफळानं झोप येई ती कॉफीनं परत जाई. उतरलेलं तोंड बघून अंजना जायफळ वाढवी, आणि जायफळ वाढलं म्हणून कॉफीही.

परवा आला. पारा होता तिथंच. डॉक्टरांनी नाइलाजानं पेन उघडलं, तेवढ्यात शिपायानं त्यांच्यापुढं कप ठेवला. वास ओळखून हंबीरराव आपुलकीनं म्हणाला, "तुमचाबी उपास व्हय साहेब?"

"माझा कसला उपास?"

"कॉफी घेताय म्हनून म्हनलं. मीबी तेवढ्यावरच हाय."

पेन खाली आलं. "किती घेतली?"

"लय न्हाई. तांब्याभर."

"अहो पैलवान, सवय नसलेल्यानं इतकी कॉफी घेतली तर प्रेशर चढणारच. दोन-तीन तास तरी उतरत नाही."

"मग तुमी कसं पिता?"

"माझ्या अंगात मुरलीय ती." डॉक्टरांनी कप जरा लांब सरकवला. "बाहेर बाकावर बसा. पाण्याशिवाय काही नको."

दुपारी पारा उतरला आणि सही झाली. खाकी डगला अंगात शिरेना, म्हणून दोन डगले उसवून एक शिवावा लागला.

घरी मात्र वेगळंच निघालं. प्रेशर उतरावं म्हणून अंजना गणपतीला नारळ बोलून बसली होती. हंबीररावाचं म्हणणं, जिनं चढवलं तिनं फोडावा. अंजनाचं म्हणणं, ज्याचं उतरलं त्यानं. शिवाय तिच्या मते उतरलं ते जायफळानंच. सयाजीला निकाल विचारला, तर तो चपला घालून बाहेर पडला.

देवाचा नारळ अजून फुटायचाय.