हमीदाआपांनी मागितलेला एक दिवस

हमीदाआपांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. दिग्रसच्या बसस्थानकावर नागपूरच्या गाडीत मी खिडकीची जागा गाठली, तर तिथे आधीच एक इवलीशी उशी. रुमाल टाकून जागा धरणारे पुष्कळ पाहिले होते, उशी टाकणाऱ्या या पहिल्याच. मी उशी बाजूला सारली, आपांनी ती परत ठेवली. आमची जुंपणार, एवढ्यात एक बाई हात अंगापासून दूर धरून गाडीत चढल्या. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. आपांनी ती उशी त्यांच्या काखेत अलगद सरकवली आणि मी गुमान मागच्या बाकावर जाऊन बसले.

गादी-रजईचे दुकान चालवणाऱ्या आपा अशा उशा स्वतः शिवून वाटतात, बायांना तपासणीला नेतात, उपचारांना सोबत जातात, हे त्याच प्रवासात कळले. परतेपर्यंत मी त्यांच्या टोळीत सामील झाले होते. शाळेत धाक दाखवणारी मी, आपांपुढे आजही विद्यार्थिनीच आहे.

कापसाला भाव नव्हता, ती वर्षे दान मागणाऱ्यांनाही जड गेली. ज्यांच्या घरात कापूस पडून आहे, त्यांच्याकडे वर्गणी कोणत्या तोंडाने मागायची? आपांनी मागणेच बदलले. दारात उभ्या राहून त्या म्हणत, "पैसे नोका देऊ. एक दिवस द्या."

ते दिवस शेवंताबाईंच्या कामी आले. त्यांचीही शस्त्रक्रिया झाली होती, पुढचे उपचार नागपूरला राहून घ्यायचे होते. उशीर केला तर आजार उलटेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. इकडे शेतात बोंडे फुटलेली. वेचणी उरकूनच जाईन, असे बाई हटून बसल्या. पहिल्या वेच्याआधी पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादहीची पूजाही त्यांच्याच हातून व्हायची होती. आपांनी उपदेश केला नाही. दुसऱ्या सकाळी त्या दह्याचा डबा घेऊन शेतात हजर. पूजा झाली तशा म्हणाल्या, "आता तुमी गाडीत बसा. कापूस आमी वेचतो."

या 'आमी'त एकेक दिवस कबूल केलेले सगळे होते, मीही होते. बोटे ओरबाडली, आणि माझ्या ओटीत कापसापेक्षा पालाच जास्त निघाला. "मास्तरीनबाई, बकरी पाळली काय?" आपांनी विचारले, आणि तो पाला निवडायला स्वतःच बसल्या.

सगळ्याच बाया बऱ्या होऊन आल्या नाहीत. ज्या गेल्या, त्यांच्या घरी आपा दर ईदला शीरखुर्मा घेऊन जातात आणि लेकराबाळांत तासभर बसतात. त्याविषयी त्या कधी बोलत नाहीत.

शेवंताबाई मात्र उपचार पुरे करून परतल्या. शेवटचा वेचा शिल्लक होता. आम्ही नको नको म्हणत असताना त्या ओटी बांधून पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात शिरल्या. थोड्या वेळाने वळून म्हणाल्या, "पाहा आपा, दोन्ही हात चालून राह्यले." सगळ्यांना धीर देणाऱ्या आपा त्या दिवशी बांधावर बसून पोटभर रडल्या.

आपा, आज तुम्हांला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. गुडघे साथ देवोत, नजर शाबूत राहो, शंभरी सुखाने गाठा. आमच्या बायांना तुमची गरज आहेच. पण देव करो आणि हा आजारच संपो, तरीही तुम्ही आम्हांला हव्या आहात.