ताईची सतरंजी
एका मंगळवारी सकाळी माझी ताई वारली. त्याला आता वर्ष होत आलं. आज पेटी उघडली तेव्हा तिची सतरंजी हाती लागली आणि खोलीभर वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास पसरला. त्या वासासरशी घाटनांदूरच्या वाचनालयातली एक दुपार आठवली. ताई वाचनालय चालवणाऱ्या मंडळात होती. तिथं मंडळाच्या सभासदांपुरत्याच मोजक्या खुर्च्या होत्या. नव्यानं मदतीला येणारी कॉलेजची पोरं भिंतीला टेकून उभी राहायची, पुस्तकं पुसायची, चहा आणायची आणि हळूहळू यायची बंद व्हायची. त्या दुपारी मंडळाची बैठक सुरू होताना त्यातल्या दोन मुली निघायच्या बेतात होत्या. एक पुटपुटली, "आपलं काय काम हाय इथं?" ताईनं ते ऐकलं. घरून आणलेली सतरंजी तिनं मधोमध अंथरली, दोघींना हाताला धरून बसवलं आणि खुर्चीवरच्या अध्यक्षांना म्हणाली, "काका, खाली या. वरून बोललं की पोरींना हुकूम वाटतोय." "अगं, माझे गुडघे लई दुखतेत," काका कुरकुरले. "मग उठवायला तरणी माणसं नकोत का तुमाला?" सगळे हसले. काका भिंत धरत खाली बसले आणि मुलींना म्हणाले, "तुमाला काय करावं वाटतंय, ते सांगा आधी." बैठक संपल्यावर त्यांना त्याच दोघींनी उठवलं. पुढं ताई होती तोवर प्रत्येक बैठक सतरंजीवर झाली आणि पोरं येत राहिली. ती गेल्यावर सतरंजी कुणी अंथरली नाही. बैठका पुन्हा खुर्च्यांवर होतात. मुलं येत नाहीत. सतरंजी माझ्याकडे आहे.